घर एका राज्यात, कॉलेज दुसऱ्या, नोकरी तिसऱ्या

(मंडळाच्या मार्च महिन्यातल्या सभेत केलेल्या भाषणाचा हा मजकूर. बोललो तसंच बहुतेक ठेवलं आहे. आकडे मात्र घरी जाऊन पुन्हा एकदा तपासून घेतले.)



अध्यक्षांनी माझी ओळख 'टॅक्समधले जाणकार' अशी करून दिली, ती आधी दुरुस्त करतो. मी सी.पी.ए. नाही. पुण्यात कॉम्प्युटर इंजिनिअरिंग केलं आणि इथे गेली बारा-तेरा वर्षं आय.टी. कन्सल्टंट म्हणून या क्लायंटकडून त्या क्लायंटकडे फिरतोय. या विषयात मला जे कळतं ते ठेच लागल्यामुळे कळतं. म्हणून सुरुवात त्या ठेचेपासूनच करू.

२०१४ साली मी एडिसनला राहायचो आणि क्लायंट होता कनेक्टिकटमधल्या हार्टफर्डला. सोमवारी पहाटे निघायचं, गुरुवारी रात्री परत. असं सात महिने चाललं. पुढच्या जानेवारीत कंपनीचा डब्ल्यू-२ आला. त्यात खाली पंधरा, सोळा, सतरा नंबरचे चौकोन असतात. राज्य कुठलं, त्या राज्यात पगार किती, त्या राज्यासाठी कर किती कापला, हे तिथे लिहिलेलं असतं. माझ्या कागदावर तिथे दोन ओळी होत्या, एक कनेक्टिकटची आणि एक न्यू जर्सीची. मी काय केलं? दोन्ही ओळींतला कापलेला कर जोडला, आणि सगळाच न्यू जर्सीला दिलाय असं समजून न्यू जर्सीच्या रिटर्नमध्ये टाकला. रिफंड छान आला. आम्ही टीव्ही घेतला.

दोन वर्षांनी ट्रेंटनहून पत्र आलं की तुम्ही जो कर आमच्याकडे जमा झाला म्हणता, त्यातले सत्तावीसशे डॉलर आमच्याकडे आलेलेच नाहीत, ते व्याज आणि दंडासकट भरा. पत्र आलं तेव्हा आम्ही मेहुणीच्या लग्नाला पुण्यात होतो. सव्वा महिन्यानं परत येऊन पाहतो तर उत्तर द्यायची मुदत संपायला चार दिवस! बायकोनं शांतपणे विचारलं, "टीव्ही परत घेतात का हो?"

पुढे सगळं निस्तरलं. कनेक्टिकटचं नॉनरेसिडेंट रिटर्न उशिरा का होईना भरलं आणि न्यू जर्सीचं दुरुस्त करून पाठवलं. शेवटी बुडाले ते चारशे-सव्वाचारशे डॉलर. पण तेव्हा आमच्या घराच्या कर्जाचं काम चालू होतं आणि बँकेनं जुनी रिटर्न्स मागितली होती. ते पंधरा दिवस माझी झोप उडाली होती.

आता तुम्ही म्हणाल, हा तुझा प्रश्न, मुलांशी याचा काय संबंध? संबंध असा की मी तेव्हा तिशीच्या आसपास होतो, डिग्री होती, नोकरी होती, तरी चुकलो. आपली मुलं अठरा-वीस वर्षांची आहेत आणि माझ्याहून जास्त राज्यांत फिरतात. घर न्यू जर्सीत, कॉलेज टेक्ससमध्ये, उन्हाळ्यात इंटर्नशिप कॅलिफोर्नियात! आणि त्यांच्या नावानं पत्र येतं ते आपल्या घरी, 'जंक मेल'च्या ढिगात.

अगदी हाच प्रसंग आपल्या मंडळातल्या एका कुटुंबात घडला. त्यांच्या परवानगीनं सांगतोय, नाव सांगत नाही. मुलगी वीस वर्षांची, ऑस्टिनला शिकते. कॅम्पसवर लायब्ररीत काम करून तिला वर्षाला चोवीसशे डॉलर मिळाले. २०२४ च्या उन्हाळ्यात बारा आठवडे कॅलिफोर्नियात इंटर्नशिप केली, आठवड्याला पंधराशे, म्हणजे अठरा हजार. मुलगी हुशार, कोड झकास लिहिते. फेडरल रिटर्न फोनवर दहा मिनिटांत भरून टाकलं. राज्याचं? "टेक्ससला कर नसतो, आणि कॅलिफोर्नियानं कापून घेतलाय ऑलरेडी," असं म्हणून मोकळी झाली. वडील म्हणाले, "बरोबर आहे." दोघांचंही चुकलं होतं, आणि ही चूक अगदी सर्रास होते.

या सगळ्या विषयात प्रश्न दोनच असतात. तुझं घर कुठे? आणि काम करताना तू प्रत्यक्ष कुठे होतास?

घर म्हणजे डोमिसाइल. हा शब्द आपल्याला नवा नाही. इंजिनिअरिंगच्या ॲडमिशनसाठी तहसीलदार कचेरीत रांग लावून आपण सगळ्यांनी डोमिसाइल सर्टिफिकेट काढलंय. इथे सर्टिफिकेट कोणी देत नाही, पण कल्पना तीच. जिथे तुमचं कायमचं घर, जिथे परत जायचा इरादा, ते तुमचं राज्य. शिक्षणासाठी बाहेर गेलात म्हणून ते बदलत नाही. आपण नाशिकहून पुण्याला शिकायला गेलो म्हणून काय पुणेकर झालो? (पुणेकर तसं होऊही देत नाहीत, ते सोडा.) या मुलीचं लायसन्स न्यू जर्सीचं, मतदान न्यू जर्सीत, सुट्टीत खोली आईवडिलांकडे. म्हणजे ती न्यू जर्सीची रेसिडेंट. आणि रेसिडेंटला आपलं राज्य सगळ्या कमाईवर कर लावतं, मग ती कुठेही कमावलेली असो.

ज्या राज्यात काम केलं, ते राज्य तिथे केलेल्या कामापुरता कर मागतं. तिथे नॉनरेसिडेंट रिटर्न भरायचं. मग एकाच पगारावर दोनदा कर? नाही. घरचं राज्य त्या दुसऱ्या राज्यात भरलेल्या कराची वजावट, म्हणजे क्रेडिट देतं. फक्त ती आपोआप मिळत नाही, मागावी लागते.

आता त्या मुलीचा हिशोब मी या फळ्यावर मांडतो. सगळे आकडे २०२४ सालचे.

कॅलिफोर्नियानं तिच्या पगारातून सुमारे सातशे वीस डॉलर कापले होते. भारतात आपण ज्याला टीडीएस म्हणतो, तेच हे. कंपनीचं पगाराचं सॉफ्टवेअर काय धरतं? की ही बाई आठवड्याला पंधराशे घेते, म्हणजे वर्षाला अठ्ठ्याहत्तर हजार घेणार! त्याला काय माहीत की ती बारा आठवड्यांनी परत कॉलेजला जाणार. कापताना अठ्ठ्याहत्तर हजारांच्या दरानं कापलं. प्रत्यक्षात तिची वर्षाची एकूण कमाई वीस हजार चारशे. कॅलिफोर्नियाचा नॉनरेसिडेंट फॉर्म ५४०एनआर. त्यात आधी सगळ्या कमाईवर दर काढतात आणि मग तो कॅलिफोर्नियाच्या हिश्शाला लावतात. ते ५,५४० डॉलरचं स्टँडर्ड डिडक्शन त्या प्रमाणात वजा करून कर आला साधारण एकशे सदुसष्ट डॉलर.

म्हणजे कापले सातशे वीस, देणं एकशे सदुसष्ट. साडेपाचशे डॉलर सॅक्रामेंटोमध्ये तिची वाट बघत बसले होते! रिटर्न भरलं नाही तर ते तिथेच राहतात, कोणी आपणहून पाठवत नाही. कॅलिफोर्नियात ते मागायला साधारण चार वर्षांची मुदत असते, बऱ्याच राज्यांत तीन. (त्याच पगारातून एस.डी.आय. म्हणून आणखी एकशे अठ्ठ्याण्णव डॉलर गेले होते. तो आजारपणाच्या विम्याचा हप्ता आहे. तो परत येत नाही, आणि न्यू जर्सी त्याचं क्रेडिटही देत नाही.)

आता न्यू जर्सी. इथे वर्षाची कमाई दहा हजारांवर गेली की एकट्या माणसाला रिटर्न भरावं लागतं. तिची वीस हजार चारशे. तिचं स्वतःचं हजार डॉलरचं एक्झम्प्शन वजा केलं की उरले एकोणीस हजार चारशे. आईवडील तिला डिपेंडंट दाखवत असले तरी न्यू जर्सीत हे हजार तिला मिळतात. वीस हजारांपर्यंत दर १.४ टक्के, म्हणून कर आला दोनशे बहात्तर. त्यातून कॅलिफोर्नियाला दिलेले एकशे सदुसष्ट वजा. न्यू जर्सीला द्यायचे राहिले एकशे पाच.

"पण टेक्ससला तर कर नाही!" असं ती म्हणाली. बरोबर, टेक्सस मागत नाही. पण लायब्ररीचे ते चोवीसशे न्यू जर्सीच्या हिशोबात येतातच. टेक्ससला कर नाही याचा फायदा टेक्ससवाल्यांना, ऑस्टिनमध्ये शिकणाऱ्या एडिसनवाल्यांना नाही.

आणि क्रेडिटची मर्यादाही लक्षात ठेवा. तेवढ्याच कमाईवर न्यू जर्सीचा जितका कर झाला असता, तेवढंच क्रेडिट मिळतं. दुसऱ्या राज्याचा दर जास्त असेल तर वरचा भुर्दंड आपला. थोडक्यात, दोन राज्यांतला जो कर मोठा, तेवढा शेवटी खिशातून जातो.

सगळं धरून तिला साडेचारशेच्या आसपास डॉलर परत मिळाले. वडील आधी म्हणत होते, "पाचशे डॉलरसाठी कोण कागद रंगवत बसणार?" मला काळजी त्या पाचशेची नव्हती, एकशे पाचची होती. कारण राज्यांना आय.आर.एस.कडून माहिती मिळते. फेडरल रिटर्नवर पत्ता एडिसनचा, कमाई वीस हजार, आणि न्यू जर्सीचं रिटर्न नाही, हे कॉम्प्युटरला शोधायला कितीसा वेळ लागतो? रिटर्न भरलंच नसेल तर राज्याला मुदतीचं बंधन नसतं, कितीही वर्षांनी विचारू शकतात. तोवर पोरगी नोकरीला लागलेली असते, पत्ता बदललेला असतो, आणि एकशे पाचाचे व्याज-दंड धरून चारशे झालेले असतात.

भरायचा क्रमही महत्त्वाचा आहे. आधी फेडरल, मग बाहेरच्या राज्याचं नॉनरेसिडेंट, आणि घरच्या राज्याचं सर्वांत शेवटी. कारण बाहेर किती कर झाला हे कळल्याशिवाय घरचं क्रेडिट काढता येत नाही. सॉफ्टवेअरमध्येही याच क्रमानं जा, नाहीतर ते चक्क चुकीचं क्रेडिट काढून देतं. आणि क्रेडिट काढताना दुसऱ्या राज्याच्या रिटर्नवर अंतिम ठरलेला कर घ्यायचा, डब्ल्यू-२ वर कापलेला नाही. इथे तो एकशे सदुसष्ट, सातशे वीस नव्हे.

आता शेजारच्या राज्यांकडे येऊ, कारण आपली निम्मी मुलं तिथेच जातात.

पेनसिल्व्हेनिया आणि न्यू जर्सी यांच्यात करार आहे. इकडचा माणूस तिकडे पगारी काम करत असेल तर कर फक्त घरच्या राज्याचा. कामाच्या पहिल्याच दिवशी मुलानं कंपनीला आर.ई.व्ही.-४१९ हा फॉर्म द्यायचा, म्हणजे पेनसिल्व्हेनियाचे ३.०७ टक्के कापलेच जात नाहीत. दिला नाही तर कापतात, आणि मग ते परत मागायला तिथलं रिटर्न भरत बसा. पण फिलाडेल्फियाचा शहर कर, तो वेज टॅक्स, या करारात येत नाही! तो साडेतीन टक्क्यांच्या आसपास असतो आणि शहरात काम करणाऱ्याला द्यावाच लागतो. न्यू जर्सीच्या रिटर्नमध्ये त्याचं क्रेडिट मिळतं. डब्ल्यू-२ च्या अठरा ते वीस नंबरच्या चौकोनांकडे मुलं बघतच नाहीत. हा कर तिथे असतो.

न्यूयॉर्कशी आपला असा करार नाही. समजा मुलानं मॅनहॅटनमध्ये उन्हाळ्यात सहा हजार कमावले. तो तुमचा डिपेंडंट असेल तर न्यूयॉर्कचं स्टँडर्ड डिडक्शन त्याला फक्त ३,१०० मिळतं. म्हणून तिथलं आय.टी.-२०३ भरावं लागतं. आणि गंमत म्हणजे तेवढीच कमाई असेल तर न्यू जर्सीत दहा हजारांच्या आत असल्यामुळे काहीच भरावं लागत नाही. न्यूयॉर्क शहराचा वेगळा कर मात्र शहराच्या रहिवाशांनाच असतो, तुमच्या मुलाला नाही.

एका काकांनी मला फोनवर विचारलं होतं, "मुलगा न्यूयॉर्कच्या डॉर्ममध्ये वर्षाचे आठ महिने राहतो, तिथे १८३ दिवसांचा नियम आहे ना?" काका, नियम आहे, पण त्यासाठी तिथे 'कायमची राहण्याची जागा' असावी लागते. २००९ साली न्यूयॉर्कनं लेखी स्पष्ट केलंय की पूर्ण वेळ शिकणाऱ्या अंडरग्रॅज्युएट मुलाची जागा तशी धरली जात नाही. मास्टर्स आणि पीएच.डी.वाल्यांना ही सूट नाही. त्यांनी जपून राहावं.

आता जरा नाजूक विषय. गेल्या पिकनिकला एक जण मला बाजूला घेऊन म्हणाले, "अरे, सरळ तिला टेक्ससची रेसिडेंट दाखवली तर? कर शून्य!" मंडळी, पोरीचं लायसन्स इथलं, मत इथलं. तुम्ही स्वतः न्यू जर्सीच्या रिटर्नमध्ये तिला डिपेंडंट म्हणून दाखवून पंधराशेचं एक्झम्प्शन घेता, वर कॉलेजात शिकते म्हणून आणखी हजाराचं घेता. आणि तीच मुलगी लिहिते की मी न्यू जर्सीची नाही. एका घरातून दोन सह्या, दोन गोष्टी सांगणाऱ्या. त्यातली एक तरी खोटी. वाचणार किती, तर एकशे पाच डॉलर! डोमिसाइल बदलता येतं, पण ते खरोखर बदलावं लागतं.

ते खरं बदलतं पदवीनंतर. मुलगा मे महिन्यात पास झाला, जुलैत डॅलसला कायमच्या नोकरीला गेला, तिथे घर भाड्यानं घेतलं, लायसन्स आणि मतदार नोंदणी तिथली केली. मग त्या वर्षी तो न्यू जर्सीचा अर्ध्या वर्षाचा रेसिडेंट, आणि पुढे नाही. कुठल्या तारखेला गेला त्याचा पुरावा ठेवा. भाड्याचा करार, सामान नेणाऱ्या गाडीची पावती, काहीही. लायसन्स दोन वर्षं न बदलता फिरणारी मुलं मी पाहिली आहेत.

घरून काम करणाऱ्यांसाठी एकच सांगतो. २०२० नंतर बऱ्याच इंटर्नशिप घरी, आईच्या डायनिंग टेबलवर झाल्या. साधारण नियम असा की शरीर जिथे होतं तिथे काम झालं. न्यूयॉर्क मात्र म्हणतं की नेमणूक आमच्या ऑफिसची असेल आणि तुम्ही स्वतःच्या सोयीनं घरी बसला असाल, तर तो दिवस आमच्याकडेच काम केल्यासारखा. एडिसनमध्ये बसून न्यूयॉर्कचा कर, असा तो प्रकार! अशा वेळी जाणकाराला विचारा, मला नको.

आणि भारतातून शिकायला आलेले आपले भाचे-पुतणे, ज्यांचा एफ-१ व्हिसा आहे, त्यांचं गणित वेगळं. पहिली पाच कॅलेंडर वर्षं ते फेडरलला नॉनरेसिडेंट असतात आणि त्यांचा फॉर्म १०४०-एनआर. भारताशी असलेल्या करारामुळे त्यांना स्टँडर्ड डिडक्शन मिळतं, इतर बऱ्याच देशांच्या मुलांना मिळत नाही. आपल्या घरी वापरतो ती साधी सॉफ्टवेअर त्यांना चालत नाहीत. ती रेसिडेंटचा फॉर्म भरून देतात आणि पुढे व्हिसाच्या कागदांत ते आडवं येतं. राज्याचा रेसिडेंट कोण हे प्रत्येक राज्य वेगळं ठरवतं, फेडरलवरून अंदाज बांधू नका. भाच्याला मावशीनं प्रेमानं रिटर्न भरून देऊ नये, त्याला कॉलेजच्या इंटरनॅशनल ऑफिसला पाठवावं. पोळ्या भरून द्या, रिटर्न नको.

आता प्रश्न.

एका काकूंनी विचारलंय, "डब्ल्यू-२ आलाच नाही तर?" काकू, फार चांगला प्रश्न. उन्हाळ्यात मुलं तिथे कुणाची तरी खोली दोन महिने घेतात आणि कंपनीला तोच पत्ता देतात. जानेवारीअखेर डब्ल्यू-२ तिथे जातो आणि तिथे आता चौथाच कोणी राहत असतो. इंटर्नशिप संपताना कंपनीच्या पोर्टलवर घरचा पत्ता टाकायला सांगा, आणि पोर्टलचा पासवर्ड लिहून ठेवायला सांगा. नोकरी सुटली की कंपनीचा ई-मेल बंद होतो, मग पासवर्ड कुठून मिळणार?

मागून प्रश्न आलाय की मुलाला 'कोणी तुम्हाला डिपेंडंट दाखवू शकतं का' हे विचारतात तिथे काय लिहायचं. तुम्ही दाखवू शकत असाल तर 'हो'. त्यानं घाईत 'नाही' लिहिलं तर तुमचं रिटर्न संगणक परत पाठवतो, आणि घरात भांडण होतं ते वेगळंच.

आणि शेवटचा, "मुलाचं रिटर्न आम्हीच भरून सही केली तर चालेल का?" नाही. सज्ञान मुलाच्या रिटर्नवर सही त्याचीच लागते. माझ्या ओळखीची ती मुलगी मार्चच्या सुट्टीत घरी आली तेव्हा आम्ही तिघं तीन तास त्यांच्या डायनिंग टेबलवर बसलो होतो. लॅपटॉप तिच्यापुढे, मी फक्त चौकोनांचे नंबर सांगत होतो, आणि तिचे वडील चहा करत होते. २०२३ च्या उन्हाळ्याचंही एक रिटर्न राहिलं होतं, तेही निघालं. ते तिनं एकटीनं भरलं. मी तोपर्यंत दुसरा कप घेतला.

माझा वेळ संपला, अध्यक्ष घड्याळ दाखवतायत. बटाटेवडे गरम आहेत असं कळतंय. ज्यांनी डब्ल्यू-२ बरोबर आणलेत त्यांनी मागच्या टेबलावर या. फक्त मुलांनाही घेऊन या.